अडून बसलेल्या विक्रेत्याकडून घर घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर पसंत पडलेले असते, पैशांची जुळवाजुळव झालेली असते, आणि तरीही व्यवहार पुढे सरकत नाही, कारण विक्रेता किमतीवर अडून बसलेला असतो, ठरलेले बदलत असतो किंवा उत्तरच देत नसतो. अशा वेळी खरेदीदारांना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. मालमत्तेच्या हस्तांतरणाचे, नोंदणीचे आणि करांचे नियम ठिकाणानुसार वेगळे असतात. म्हणून कायद्याच्या प्रत्येक मुद्द्यावर त्या ठिकाणच्या नियमांची माहिती असलेल्या वकिलाचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

विक्रेता खरोखरच आडमुठा आहे, हे कसे ओळखावे?

किंमत कमी करायला नकार देणारा प्रत्येक विक्रेता आडमुठा नसतो. आपल्या मालमत्तेची किंमत ठरवण्याचा आणि ती मिळेपर्यंत थांबण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या हट्टामागे मात्र फार वेगवेगळी कारणे असू शकतात. काहींना घर विकायचे असते, पण त्यांच्या मनातली किंमत बाजाराशी जुळत नाही. काहींना विकायचे असते पण विकता येत नाही, कारण कर्ज फिटलेले नसते, सहमालक तयार नसतो किंवा राहायला दुसरी जागा मिळालेली नसते. आणि काहींना मुळात विकायचेच नसते, ते केवळ आपल्या घराला काय भाव येतो हे अजमावत असतात. किमतीची घासाघीस फक्त पहिल्या प्रकारात उपयोगी पडते. दुसऱ्या प्रकारात कितीही आकडे बदलले तरी गाडी अडलेलीच राहते, कारण अडचण आकड्यात नसतेच. म्हणून किमतीवर बोलण्यापूर्वी विक्रीचे कारण शोधणे, हे या संपूर्ण विषयातले सर्वात महत्त्वाचे काम आहे असे आमचे मत आहे.

विक्रीचे खरे कारण विक्रेता सांगेल का?

थेट विचारले तर बरेचदा सांगतो, मात्र प्रश्न चौकशीच्या सुरात नव्हे, तर सोय पाहण्याच्या सुरात विचारावा लागतो. "घर का विकताय?" याऐवजी "आपल्याला ताबा केव्हा देणे सोयीचे जाईल?" किंवा "रक्कम एकरकमी हवी आहे की टप्प्यांनी चालेल?" असे विचारल्यास कारण आपोआप बाहेर येते. ज्याला महिन्याभरात पैसे हवे आहेत आणि ज्याला मुलांचे शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत घर सोडता येणार नाही, अशा दोन विक्रेत्यांची उत्तरे पूर्णपणे वेगळी असतात. घर किती काळ विक्रीला आहे, मागणीची किंमत आधी कधी बदलली होती का, आणि पूर्वी ठरलेला एखादा व्यवहार मोडला होता का, हे मध्यस्थाला आणि शेजाऱ्यांनाही विचारता येते. मोडलेल्या व्यवहाराचे कारण समजले तर फारच उत्तम.

बोलणी सुरू करण्यापूर्वी कोणती तयारी असावी?

सर्वप्रथम, कर्ज घ्यायचे असल्यास ते किती मिळू शकते याचे बँकेचे लेखी पत्र हाती असावे. "कर्ज मिळेल" आणि "कर्ज मंजूर आहे" यात विक्रेत्याच्या दृष्टीने मोठे अंतर असते. त्यानंतर त्याच परिसरात अलीकडच्या काळात प्रत्यक्ष झालेल्या विक्रींच्या किमती जमवाव्यात. जाहिरातींमधल्या किमती या मागण्या असतात, व्यवहार नव्हेत, आणि त्या पुराव्यादाखल विक्रेत्यासमोर ठेवल्या तर त्या त्याच्याच बाजूने बोलतात. क्षेत्रफळ, मजला, बांधकामाचे वय आणि वाहनतळाची सोय यांतले फरकही नोंदवून ठेवावेत, म्हणजे तुलना प्रामाणिक राहते.

यापुढची तयारी कागदावरची आहे. आपण जास्तीत जास्त किती देऊ शकतो तो आकडा बोलणी सुरू होण्याआधी लिहून ठेवावा, आणि त्यात कर, नोंदणीचा खर्च, दुरुस्ती, मध्यस्थाचे शुल्क हे सर्व धरावे. हा आकडा घरातल्या सर्वांनी मिळून ठरवलेला असावा, कारण ऐन बोलणीत नवरा-बायकोचे किंवा पालकांचे मत वेगळे पडले की अनुभवी विक्रेता ते लगेच हेरतो. शेवटी, दुसरे किमान एक घर खरोखर विचारात असावे. हे घर मिळाले नाही तर आपण काय करणार, याचे उत्तर ज्याच्याकडे असते तोच बोलणीत शांत राहू शकतो.

मागणी बाजारभावापेक्षा खूप जास्त असण्याचे कारण काय असते?

लोभ हे सर्वात सोपे स्पष्टीकरण आहे, आणि बहुतेक वेळा ते अपुरे असते. स्वतःच्या मालकीची वस्तू माणसाला अधिक मोलाची वाटते, हे प्रयोगांनी दाखवलेले आहे. 1990 मध्ये डॅनिएल काहनेमन, रिचर्ड थेलर आणि त्यांच्या सहकाऱ्याने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना साधे मग दिले गेले; ज्यांना मग मिळाले होते त्यांनी ते विकण्यासाठी मागितलेली किंमत, ज्यांना मिळाले नव्हते ते देऊ करत असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. काही मिनिटांपूर्वी हाती आलेल्या मगाबाबत असे घडत असेल, तर ज्या घरात आयुष्याची वर्षे गेली त्याबाबत काय घडत असेल याचा अंदाज करता येतो.

घरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दिसून येते, ती म्हणजे तोट्याची भीती. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी बॉस्टन शहरातील 1990 च्या दशकातल्या सदनिकांच्या विक्रीचा अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांना आपल्या खरेदी किमतीपेक्षा कमी भाव मिळण्याची चिन्हे होती, ते विक्रेते अपेक्षित भाव आणि खरेदी किंमत यांतल्या फरकाच्या सुमारे 25 ते 35 टक्के इतकी रक्कम मागणीत वाढवत होते, आणि त्यांची घरे विकायला अधिक वेळही लागत होता. म्हणजे एखाद्याने घर 100 ला घेतले असेल आणि आज त्याचे 80 येण्याची शक्यता असेल, तर त्याची मागणी तशाच दुसऱ्या घरापेक्षा 5 ते 7 नी जास्त असण्याची शक्यता आहे.

याचा व्यवहारात उपयोग असा की, विक्रेत्याने घर केव्हा घेतले आणि भाव चढलेला असताना घेतले का, हे आधी समजून घ्यावे. ज्याला तोटा सोसावा लागणार आहे त्याला "बाजार पडला आहे" हे पुन्हा पुन्हा ऐकवल्याने तो अधिकच घट्ट होतो. त्याच्यासमोर नव्या जागेत त्याला काय मिळणार आहे ते मांडणे अधिक परिणामकारक ठरते, कारण पडलेल्या बाजारात त्यालाही पुढचे घर स्वस्तच मिळणार असते. याशिवाय, घरावरचे थकलेले कर्ज हेही चढ्या मागणीचे अगदी साधे कारण असू शकते. कर्ज फेडण्याइतकी रक्कम आली नाही तर तो इच्छा असूनही विकू शकत नाही.

पहिला आकडा कोणी सांगावा, आणि तो किती कमी असावा?

विक्रेत्याने मागणी जाहीर केलेली असेल तर पहिला आकडा आधीच सांगून झालेला असतो, आणि त्याचा आपल्यावर परिणाम होतो हे मान्य केलेले बरे. 1987 मध्ये ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी अमेरिकेतील टूसॉन शहरात एकाच घराची माहिती विद्यार्थ्यांना आणि व्यवसायाने मालमत्ता मध्यस्थ असणाऱ्यांना दिली, फक्त जाहीर मागणीचा आकडा वेगवेगळ्या गटांना वेगळा सांगितला. ज्यांना जास्त आकडा सांगितला होता त्यांनी घराचे मूल्यही जास्त ठरवले, आणि यात व्यावसायिकही सुटले नाहीत. म्हणून आपले मूल्यांकन मागणीचा आकडा पाहण्याआधी, आणि ते शक्य नसल्यास तो बाजूला ठेवून, झालेल्या विक्रींवरूनच करावे.

आपला प्रस्ताव किती टक्क्यांनी कमी असावा याचे सर्वत्र लागू पडणारे उत्तर नाही, आणि तसे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ज्या आकड्याचे समर्थन आपण विक्रेत्याच्या डोळ्यांत पाहून करू शकतो तो योग्य आकडा. हिशोबातून आलेला आणि शून्यांनी न संपणारा आकडा ऐकणाऱ्याला विचारपूर्वक काढलेला वाटतो, असे 2013 मध्ये मालिया मेसन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात आढळले आहे; मात्र त्यामागे खराखुरा हिशोब असायला हवा. अतिशय कमी प्रस्ताव दिल्यास हटवादी विक्रेता बोलणीच बंद करतो, आणि नंतर योग्य आकडा घेऊन गेले तरी तो आपल्याला गंभीर ग्राहक मानत नाही.

"हीच शेवटची किंमत, एक पैसाही कमी होणार नाही," असे सांगितले तर?

किमतीवर लगेच पुन्हा बोलू नये. त्या आकड्याला त्याने आपली प्रतिष्ठा जोडलेली असते, आणि त्याच बैठकीत तो आकडा खाली आणणे म्हणजे आपल्याच तोंडाने सांगितलेले मागे घेणे होय. "ठीक आहे, किमतीचा मुद्दा सध्या बाजूला ठेवू, बाकीच्या बाबी पाहून घेऊ," असे म्हणून संभाषण दुसरीकडे न्यावे.

बाकीच्या बाबी पुष्कळ असतात, आणि त्या प्रत्येकीला किंमत असते. इसाराची रक्कम किती, उरलेली रक्कम किती टप्प्यांत आणि किती दिवसांत, ताबा केव्हा, घरातले कपाट, पंखे, स्वयंपाकघराची मांडणी आणि बसवलेली उपकरणे घरासोबत मिळणार की नाहीत, थकलेले कर आणि देखभाल शुल्क कोण भरणार, गळती कोण दुरुस्त करणार, वाहनतळाची जागा व्यवहारात आहे का, हस्तांतरणाचे शुल्क कोणाचे, असे सर्व मुद्दे एकेक करून घ्यावेत. विक्रेता किमतीवर ठाम राहून यातल्या काही गोष्टी सोडायला तयार होतो, कारण त्यात त्याचा शब्द खाली पडत नाही. उलट बाजूनेही हे खरे आहे. आपल्याकडे पैसे लवकर देण्याची क्षमता असेल, तर ती फुकट देऊन टाकू नये. लवकर रक्कम देण्याच्या बदल्यात किंमत कमी मागावी. विक्रेत्याला ताबा देण्यासाठी काही महिने हवे असतील, तर ती सवलत देऊन दुसरी सवलत घ्यावी. प्रत्येक सवलतीला "आपण हे केले, तर आम्ही ते करू" अशी अट जोडलेली असावी. एकतर्फी दिलेली सवलत हटवादी माणूस हक्क म्हणून घेतो आणि पुढची मागतो.

सर्व बाबी ठरल्यावर किमतीकडे परत यावे. त्या वेळी दोघांचाही बराच वेळ गुंतलेला असतो आणि फरक बहुधा लहान दिसू लागतो. तरीही विक्रेता हलला नाही, तर ती किंमत खरोखरच शेवटची आहे असे समजून आपल्या लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडून पाहावी.

"आमच्याकडे दुसरा ग्राहक तयार आहे," हे खरे मानावे का?

खरे असू शकते, आणि खोटे आहे हे सिद्ध करण्यात काहीच लाभ नाही. आपला प्रस्ताव लेखी द्यावा, तो कोणत्या तारखेपर्यंत खुला आहे हे त्यात नमूद करावे, आणि त्या तारखेपर्यंत वाट पाहावी. दुसरा ग्राहक खरा असेल तर तो घर घेईल. नसेल तर विक्रेता परत येईल. न दिसणाऱ्या ग्राहकाच्या भीतीने स्वतःशीच चढाओढ करून आकडा वाढवणे, ही खरेदीदारांच्या हातून सर्वात अधिक होणारी चूक आहे.

मध्यस्थ आपल्या बाजूने बोलत आहे, असे समजावे का?

मध्यस्थाचे शुल्क व्यवहार पूर्ण झाल्यावरच मिळते, त्यामुळे त्याचा पहिला ओढा व्यवहार होण्याकडे असतो, मग किंमत कोणतीही असो. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हर्सन यांनी शिकागो परिसरातील घरविक्रींचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात मध्यस्थांची स्वतःची घरे इतरांच्या तशाच घरांपेक्षा सुमारे साडेनऊ दिवस अधिक काळ बाजारात राहतात आणि सुमारे 3.7 टक्के अधिक किमतीला विकली जातात असे आढळले. स्वतःच्या घरासाठी ते थांबतात, दुसऱ्याच्या घरासाठी घाई करतात. ही घाई एरवी खरेदीदाराला उपयोगी पडू शकते, कारण अडून बसलेल्या विक्रेत्याला किमतीबद्दल कटू सत्य सांगण्याचे काम मध्यस्थ आपल्यापेक्षा चांगले करू शकतो. पण आपला कमाल आकडा मात्र मध्यस्थाला कधीही सांगू नये.

घरातले दोष दाखवले की विक्रेता चिडतो. ते कसे मांडावेत?

स्वतः दाखवू नयेत. बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याकडून घराची पाहणी करून घ्यावी आणि त्याचा लेखी अहवाल, दुरुस्तीच्या खर्चाच्या अंदाजासह, विक्रेत्याला द्यावा. आपण म्हणालो की भिंत ओलसर आहे, तर ती टीका होते. अभियंत्याने लिहिले तर ती नोंद होते. अहवालातला प्रत्येक ओरखडा बोलणीत आणण्याचा मोह टाळावा. रंग, टाइल्स, जुने नळ या गोष्टी सोडून द्याव्यात आणि गळती, तडे, वीजजोडणी, सांडपाण्याची वाहिनी अशा मोठ्या खर्चाच्या बाबींवरच बोलावे. किंमत कमी करून घेणे की दुरुस्ती करून घेणे, असा पर्याय आल्यास किंमत कमी करून घेणे बहुधा चांगले, कारण घर सोडून जाणारा माणूस दुरुस्ती कमीत कमी खर्चात उरकतो.

एक मालक तयार आहे, दुसरा नाही. कोणाशी बोलावे?

सर्वांशी, आणि शक्यतो एकाच वेळी. भावंडांकडे वारशाने आलेले घर, विभक्त होणाऱ्या जोडप्याचे घर, परदेशी राहणाऱ्या मुलांच्या नावावरचे घर, अशा व्यवहारांत जो हट्ट दिसतो तो अनेकदा खरेदीदाराविरुद्ध नसतोच. आपल्या वाट्याला कमी येईल, भावाने परस्पर ठरवले, आपल्याला विचारले नाही, अशा जुन्या नाराजीचे ते रूप असते. खरेदीदाराने त्यात न्यायाधीश होऊ नये आणि एका बाजूची बाजूही घेऊ नये. प्रत्येकाला तोच लेखी प्रस्ताव, त्याच दिवशी, त्याच शब्दांत पाठवावा. रक्कम प्रत्येकाच्या खात्यात त्याच्या हिश्श्याप्रमाणे थेट जमा होईल असे सांगितले तर संशय पुष्कळ कमी होतो.

मालकी हक्क असलेल्या एकाचीही सही नसताना इसार देऊ नये. "बाकीच्यांचे मी पाहतो" या आश्वासनाला कायद्याच्या दृष्टीने काही किंमत नसते. कोणी मुखत्यारपत्रावर सही करणार असेल, तर त्या पत्रात विक्रीचा अधिकार स्पष्टपणे दिलेला आहे का, आणि ते पत्र आजही अमलात आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्यावे.

तोंडी ठरल्यानंतर विक्रेत्याने किंमत वाढवली, तर काय करावे?

प्रथम कारण विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे. नवे कारण खरे असेल, उदाहरणार्थ कर्जफेडीची रक्कम त्याच्या अंदाजापेक्षा जास्त निघाली असेल, तर त्यावर बोलता येते. कारण नसेल, तर वाढीव रकमेतली अर्धी मान्य करून प्रकरण मिटवण्याचा प्रयत्न करू नये. एकदा वाढ मिळाली की करारापर्यंत ती पुन्हा मागितली जाते. ठरलेल्या आकड्यावर आपण अजूनही तयार आहोत आणि करार अमुक तारखेला करू शकतो, एवढेच शांतपणे कळवावे.

हा प्रसंग टाळण्याचा उपाय आधीच करायचा असतो. प्रत्येक बैठकीनंतर त्याच दिवशी, काय ठरले याचा संदेश विक्रेत्याला पाठवावा आणि त्याचे उत्तर घ्यावे. असा संदेश म्हणजे करार नव्हे, आणि बऱ्याच ठिकाणी मालमत्तेचा व्यवहार रीतसर लेखी कराराशिवाय बंधनकारक होत नाही. पण स्वतः मान्य केलेले वाक्य समोर असताना ते नाकारणे माणसाला जड जाते. तोंडी ठरणे आणि लेखी करार यांमध्ये जितके कमी दिवस जातील तितके चांगले.

करारात किंमत कमी दाखवून उरलेली रक्कम वेगळी द्या, असे विक्रेता म्हणतो.

स्पष्ट नकार द्यावा. यात कायद्याचे उल्लंघन तर आहेच, शिवाय व्यवहार मोडल्यास कागदावर नसलेली रक्कम परत मागण्याचा आधार राहत नाही, बँक कर्ज करारातल्या कमी किमतीच्याच हिशोबाने देते, आणि पुढे आपण घर विकू तेव्हा नफा फुगलेला दिसून कर वाढतो.

कागदपत्रे दाखवायला टाळाटाळ होत असेल तर किती थांबावे?

फार थांबू नये. किमतीवरचा हट्ट हा स्वभाव असू शकतो, पण मालकीची कागदपत्रे, थकबाकीचा तपशील किंवा घरावरच्या बोज्याची माहिती न देणे हा धोक्याचा इशारा आहे, आणि त्यावर बोलणीचे कोणतेही कौशल्य चालत नाही. हव्या असलेल्या कागदांची यादी वकिलाकडून करून घ्यावी, ती तारखेसह लेखी द्यावी, आणि कागद मिळेपर्यंत किमतीची चर्चा आणि कोणतीही रक्कम देणे थांबवावे. अशा वेळी विक्रेत्याने मोठी सूट देऊ केली तर अधिक सावध व्हावे.

विक्रेता अपमानास्पद बोलतो. सहन करावे का?

बैठक संपवावी आणि पुढचे बोलणे लेखी किंवा मध्यस्थामार्फत करावे. उलट उत्तर देऊ नये. घर त्याच्या स्वभावासह विकत घ्यायचे नसते, आणि ताबा मिळाल्यानंतर त्याच्याशी संबंध उरत नाही.

कधी सोडून द्यावे?

लिहून ठेवलेला आकडा ओलांडला जात असेल, कागद मिळत नसतील, किंवा ठरलेली बाब दुसऱ्यांदा फिरवली गेली असेल, तेव्हा. या घरासाठी आतापर्यंत घालवलेला वेळ आणि वकिलाला दिलेले पैसे हे पुढे जाण्याचे कारण होऊ शकत नाही, कारण ते दोन्ही पर्यायांत गेलेलेच असतात. सोडताना दार आपटू नये. "आमचा प्रस्ताव इतका होता, आपला विचार बदलला तर जरूर कळवावे," असे सौजन्याने लिहून दुसरे घर पाहू लागावे. काही आठवड्यांनी विक्रेत्याचा फोन आला, तर जुना प्रस्ताव अजून लागू आहे असे गृहीत धरू न देता, त्या दिवशीच्या परिस्थितीनुसार नव्याने बोलावे.

करार झाला, पण विक्रेता घर रिकामे करत नाही. यावर उपाय आहे का?

सर्वात परिणामकारक उपाय करारातच करून ठेवायचा असतो. ताब्याची तारीख, विलंबाच्या प्रत्येक दिवसाची भरपाई, आणि रकमेचा एक लक्षणीय भाग रिकाम्या घराच्या किल्ल्या हाती येईपर्यंत रोखून ठेवण्याची तरतूद, ही तिन्ही कलमे असावीत. राखून ठेवलेली रक्कम वकिलाकडे किंवा दोघांना मान्य असलेल्या तटस्थ खात्यात ठेवली तर विक्रेत्यालाही ती बुडण्याची भीती राहत नाही आणि तो हे कलम सहज मान्य करतो. संपूर्ण रक्कम दिल्यानंतर "आठवडाभर राहू द्या" ही विनंती आली, तर ती केवळ लेखी परवान्यावर, मुदत आणि मोबदला लिहूनच मान्य करावी. ताब्याच्या दिवशी घराची खोलीनिहाय पाहणी करावी, करारात नमूद केलेल्या वस्तू जागेवर आहेत का ते पाहावे, वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे छायाचित्रासह नोंदवावेत, आणि सर्व किल्ल्या मिळाल्याची पावती दोघांच्या सहीने झाल्यावरच राखून ठेवलेली रक्कम द्यावी.